तालुक्याच्या दवाखान्यात राहून क्लिनिकल पीएचडी

पीएचडी झाल्यानं ओपीडीत एकही पेशंट जास्त येत नाही, हे आधीच सांगून टाकते. डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) केलं की दारावरची पाटी बदलते, पगार बदलतो, नागपूरच्या मोठ्या खाजगी दवाखान्यांचे फोन येतात. पीएचडीनं यातलं काही होत नाही. मेडिकल कॉलेजात क्लिनिकल विषय शिकवायलासुद्धा एमडी-एमएस पुरतं. तरी दर वर्षी नव्यानं एमडी झालेलं कुणीतरी फोन करून विचारतंच, "मॅडम, नोकरी करता करता कसं जमवलं?" दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

मी फिजिशियन. यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेकडच्या एका सरकारी दवाखान्यात काम करते. पीएचडीचा विषय होता साप चावून वाचलेल्या माणसाच्या किडनीचं पुढं काय होतं. म्हणून उदाहरणं सापाचीच येतील. तुमचा विषय सिकलसेल असेल, स्क्रब टायफस असेल, फवारणीची विषबाधा असेल. कागदपत्रं सगळ्यांची सारखीच. फरक पडतो तो पेशंट परत येतो का, यावर. माझ्या मते ग्रामीण विदर्भातली क्लिनिकल पीएचडी त्या एका गोष्टीवर तरते किंवा बुडते. बाकीचं सगळं माहितीपत्रकात मिळतं.

विषय

विषय शोधायला लायब्ररीत जाऊ नका. कॅज्युअल्टीचं रजिस्टर काढा, मागच्या तीन वर्षांचं, आणि शांतपणे वाचा. कोणता आजार कोणत्या महिन्यात येतो, किती येतात, किती रेफर होतात, रेफर झाल्यावर त्यांचं काय झालं हे कुणाला माहीत आहे का. जिथं रजिस्टरातली नोंद "रेफर्ड टू जीएमसी" (सरकारी मेडिकल कॉलेजला पाठवलं) इथं संपते, तिथं बहुतेक वेळा प्रश्न सुरू होतो.

आपल्याकडे प्रश्नांना तोटा नाही. चांदीपुरा विषाणूला नाव मिळालं ते नागपूरकडच्या गावावरून, १९६५ साली. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या बायकांच्या आजारांचा डॉ. राणी आणि अभय बंग यांचा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि ३९ गावांमधल्या नवजात बाळांचा १९९९ साली. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांनी आपल्या वॉर्डांचे फोटो छापले. खेड्यातला प्रश्न म्हणून तो लहान, असं कुणी म्हणालं तर ही यादी पुढं करा.

सापाचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसं साप चावून मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अंदाज आहे. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. हे सगळे आकडे मेलेल्यांचे. घोणस चावून लघवी बंद पडलेला, डायलिसिस होऊन घरी गेलेला तिशीतला शेतमजूर सहा महिन्यांनी कसा आहे, हे विचारणारे फार कमी. मला तिथं जागा दिसली.

पण प्रश्न चांगला असून भागत नाही, तेवढे पेशंट मिळायला हवेत. हे गणित सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायच्या आधी करा. समजा तुमचा अंदाज आहे की वाचलेल्यांपैकी २० टक्क्यांच्या किडनीत तीन महिन्यांनी दोष राहील, आणि तुम्हाला उत्तर पाच टक्के इकडेतिकडे चालणार आहे. मग चार गुणिले २० गुणिले ८०, भागिले पाचाचा वर्ग. उत्तर २५६. आता यातले २० टक्के परत येणार नाहीत असं धरा. इथं बरेच जण २५६ मध्ये २० टक्के मिळवून ३०७ लिहितात. ३०७ मधून २० टक्के गळाले की २४६ उरतात, म्हणजे दहा कमीच. २५६ ला ०.८ नं भागायचं, ३२० येतात. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न हमखास विचारतात.

३२० चा आकडा आला की परत रजिस्टरकडे या. चावलेल्या प्रत्येक सापात विष नसतं, विषारी साप चावला तरी दर वेळी विष उतरतंच असं नाही, आणि विष उतरलेल्या प्रत्येकाची किडनी बिघडत नाही. तुमच्या दवाखान्यात वर्षाला असे ४० च होत असतील तर आठ वर्षं लागतील. मग शेजारचे दोन तालुके आणि जिल्हा रुग्णालय जोडून घ्या, नाहीतर प्रश्न लहान करा. मी पहिला मार्ग धरला. दुसरा सोपा आहे, आणि त्यात कमीपणाही नाही.

प्रवेश, गाईड, एनओसी

वैद्यकीतल्या माणसासाठी सरळ रस्ता एमडी, एमएस किंवा तशाच पदव्युत्तर पदवीनंतरचा. महाराष्ट्रात बहुतेकांची वाट नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जाते. त्याच्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांतून नोंदणी होते. विदर्भात सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज याच विद्यापीठाशी जोडलेलं आहे. वर्ध्याजवळ सावंगीला अभिमत विद्यापीठ आहे, त्याची प्रक्रिया स्वतंत्र. नागपूरला मिहानमध्ये एम्स आहे, त्यांचीही वेगळी. तिन्हीकडच्या ताज्या जाहिराती वाचूनच ठरवा, कारण विद्यापीठं आपापले नियम दरवर्षी थोडेफार हलवतात.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम मात्र तोंडपाठ असू द्या. कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. त्यानंतर पुन्हा नोंदणी करून दोन वर्षं वाढवून मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. बाळंतपणाची रजा २४० दिवसांपर्यंत. पोरींनो, हे कलम छापून जवळ ठेवा, ऑफिसात टेबलावर ठेवायला कामी येतं. प्रवेशपरीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीचे आणि निम्मे विषयाचे असतात. विषयाचे तुम्हाला येतीलच, एमडीची परीक्षा देऊन फार दिवस झालेले नसतात. संशोधनपद्धती वाचा, नापास होणारे तिथंच होतात.

नोकरी करणाऱ्याला अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी वरिष्ठांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. नुसतं "हरकत नाही" असं एका ओळीचं पत्र आणलं तर ते परत येतं. मजकूर तुम्हीच टाईप करून न्या, साहेबांना सहीच करायची राहील. अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या, तारखेसह. फाईल कुठं आहे हे विचारताना "मी मागच्या महिन्यात दिली होती" याला किंमत नाही, आवक क्रमांकाला आहे.

गाईड निवडताना मोठं नाव बघू नका. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा आहे का हे आधी विचारा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेले असतील तर त्यांना नवीन विद्यार्थी घेताच येत नाही. हे दोन्ही जमलं की तिसरी परीक्षा माझी स्वतःची: त्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा, पाठवलेलं प्रकरण वाचून किती दिवसांत परत येतं? जो गाईड लाल पेनानं खाडाखोड करून पंधरवड्यात परत देतो, तो चार पुरस्कार मिळवलेल्या गाईडपेक्षा तुमच्या कामाचा. तालुक्यात बसून काम करणाऱ्याला दुसरा एक को-गाईडही लागतो, आणि तो पीएसएमचा (सामाजिक आरोग्य विभागाचा) असला तर सोन्याहून पिवळं, कारण नमुना आणि आकडेमोड हा त्यांचा रोजचा धंदा.

परवानग्या

आपल्या दवाखान्यात इथिक्स कमिटी नसते. गाईडच्या संस्थेची चालते. ती केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हे पाहून घ्या. कमिटीत एक कायद्याचा जाणकार आणि एक साधा, वैद्यकीबाहेरचा माणूस असतो. या साध्या माणसाचे प्रश्न सगळ्यात अवघड असतात. "पेशंट परत आला तर त्याची मजुरी कोण देणार?" याचं उत्तर घेऊनच आत जा. मी येण्याजाण्याचं भाडं आणि दिवसाची बुडालेली मजुरी असं दोन्ही बजेटमध्ये धरलं होतं. भाडं धरताना बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना फुकट आहे हे आठवा. पण गावाला एसटी जातच नसेल तर ऑटोवालाच खरा, आणि ऑटोवाला सवलत देत नाही.

इथिक्सशिवाय जागेची परवानगी वेगळी. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सक, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी. दोन वेगळी ऑफिसं, दोन वेगळे अर्ज.

उपचारात काही बदलून बघणार असाल, म्हणजे ट्रायल असेल, तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी हवीच. २०१८ च्या एप्रिलपासून मागाहून नोंद करता येत नाही. माझ्यासारखा नुसता निरीक्षणाचा अभ्यास असला तरी नोंदवून टाका. फुकट आहे, आणि पुढं जर्नलवाले विचारतात.

संमती

सही करणाऱ्याचा प्रश्न नसतो. अंगठा देणाऱ्याचा असतो. कागदावर अंगठा म्हटलं की आपल्या माणसाला सातबारा आठवतो, सावकार आठवतो. घाबरलेल्या पेशंटपुढं चार पानी फॉर्म आणि निळ्या शाईचं पॅड ठेवलं तर तो "हो" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता निघून जातो.

म्हणून पहिल्या दिवशी अंगठा मागू नका. घोणस चावलेल्या माणसाला आधी एएसव्ही (सापाच्या विषावरची लस) लागते, तुमची पीएचडी नाही. रक्त पुन्हा नीट गोठायला लागलं, धोका टळला, माणूस उठून चहा प्यायला की मग खाटेजवळ स्टूल घेऊन बसा. हा उशीर चालेल असं प्रोटोकॉलमध्येच लिहून मंजूर करून घ्या. निरक्षर पेशंटसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. तो म्हणजे तुमची सिस्टर नव्हे, तुमचा डेटावाला नव्हे. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा शिकलेला नातेवाईक उत्तम. तो फॉर्म मोठ्यानं वाचतो, मधेच थांबून "म्हणजे हे किडनी काढून घेणार नाही ना?" असं विचारतो, आणि सगळ्या वॉर्डाच्या मनातली शंका एकदम निघते.

सात ते अठरा वयाच्या मुलांचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो, बारापर्यंत तोंडी आणि पुढं लेखी, आईबापांची संमती वेगळी. आमच्याकडे कोलाम आदिवासींच्या पोडांवरचे, म्हणजे वस्त्यांवरचे, पेशंट येतात. त्यांच्यासाठी कोलामी बोलणारा माणूस आधीपासून ठरवून ठेवा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, हाच नियम.

फॉर्म आणि तपासण्या

फॉर्ममधला एक प्रश्न मी सगळ्यांना दाखवते. "मांत्रिकाकडे गेला होता का?" असं विचारलं की शंभरातले नव्वद "नाही" म्हणतात, डॉक्टरसमोर कोण हो म्हणेल? त्याऐवजी विचारा, "चावल्यापासून इथं येईपर्यंत कुठं कुठं गेलात, सांगा." मग वाट उलगडते: शेतातून घर, घरून मारुतीचं देऊळ, तिथून झाडपाला देणारे बावाजी, तिथून मोटरसायकलवर मधे बसवून दवाखाना. प्रत्येक ठिकाणी किती वेळ गेला तेही तिथंच लिहा. घड्याळाची वेळ सांगता येत नसेल तर "शाळा सुटली होती का?", "शेवटची गाडी गेली होती का?" असं विचारा.

सापाचं नाव लिहायच्या रकान्यात गावची नावं आधीच छापा. घोणस म्हटलं तर आमच्याकडचा म्हातारा माणूस मान हलवतो, परड म्हटलं की लगेच कळतं. चार विषारी सापांचे रंगीत फोटो लॅमिनेट करून ठेवा. काही जण मेलेला साप पिशवीत घेऊन येतात; तो हातात घेऊ नका, फोटो काढा.

रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी सगळे करतात आणि जो तो आपापल्या पद्धतीनं. पीएचडीत ते चालत नाही. दोन मिली ताजं रक्त, स्वच्छ, कोरडी, काचेची नवी नळी, वीस मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच तिरपी करून पाहायची. प्लास्टिकची नळी चालत नाही. साबणानं धुतलेली काचेचीही चालत नाही. त्यात रक्त गोठत नाही आणि विष नसलेल्यालाही उगाच एएसव्ही दिली जाते. मी काचेच्या नळ्यांचा डबा घड्याळासकट कॅज्युअल्टीत ठेवला, आणि डब्यावर लिहिलं: "धुवू नये, फेकावी." सगळ्या शिफ्टच्या सिस्टर एकाच पद्धतीनं करतात ना, हे अधूनमधून रात्री जाऊन बघावं लागतं.

क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) शेवटपर्यंत एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीनं. अर्धे नमुने इथले आणि अर्धे खाजगी लॅबचे असं केलं तर थिसिस तिथंच अडकतो. बाहेरच्या दवाखान्यातून नमुना आणायचा तर सीरम वेगळं करूनच आणा. लसीचा डबा आणि त्यातले चार बर्फाचे पॅक याला पुरतात. लोडशेडिंगचं वेळापत्रक फ्रिजच्या दारावर चिकटवा. आणि चावायच्या आधीचं क्रिएटिनिन आपल्या पेशंटपाशी कधीच नसतं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच रक्त तपासलेलं असतं. त्याचं काय करणार, हे सिनॉप्सिसमध्ये आधीच लिहा.

पेशंट परत कसा आणायचा

आता मुख्य भाग. पावसाळ्यात साप चावतो, जून ते सप्टेंबर. किडनीचा जुनाट आजार ठरवायचा तर बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकायला हवा. म्हणजे दुसरी तपासणी पडते सप्टेंबर ते डिसेंबरात. सीतादही (वेचणीआधीची पूजा) होऊन कापसाची वेचणी सुरू झालेली असते. वेचणीला किलोवर पैसे मिळतात. जो दिवस दवाखान्यात गेला तो बुडाला, आणि वर्षभरात रोख पैसा हातात येण्याचे दिवस हेच. फोन केला की उत्तर येतं, "मॅडम, कापूस फुटून रायला ना, आता कायले येऊ? बरा हावो मी."

त्याचं बरोबर आहे. तो बराच असतो, निदान त्याला तसं वाटत असतं. त्यामुळे "या, या" करून तो येत नाही. आपलं वेळापत्रक त्याच्या वेळापत्रकाला लावावं लागतं.

पहिलं: तपासणीची मुदत "९० दिवस" अशी लिहू नका. "९० दिवस, दोन आठवडे मागेपुढे" असंही नको, कारण ऐंशीव्या दिवशीचा नमुना व्याख्येत बसतच नाही. "९० ते १२० दिवस" लिहा. महिनाभर हातात राहतो आणि त्यात चार बाजार येतात.

दुसरं, बाजार. तालुक्याच्या आठवडी बाजाराला सगळे येतात, मजुरीचा हिशोबही बाजाराच्या आदल्या दिवशी होतो. मी फॉलोअपची ओपीडी बाजाराच्या दिवशी ठेवली. बायकोला भाजी घ्यायची असते, नवऱ्याला रक्त द्यायला वेळ मिळतो. दोन अडचणी आल्या, दोन्हींवर तोड निघते. दिवसभर कष्ट करून आलेल्याच्या लघवीत प्रथिनं तात्पुरती वाढलेली दिसू शकतात, आणि शिजवलेलं मटण खाल्लं की क्रिएटिनिन थोडं चढतं. बाजाराच्या दिवशी मटण नाही असं घर आमच्याकडे शोधावं लागेल. म्हणून आशाताईंकडून लघवीची डबी दोन दिवस आधी घरी पोचवायची आणि त्यात सकाळची पहिली लघवी आणायला सांगायची. रक्त सकाळीच, जेवायच्या आधी. आणि मटण रात्री. बहुतेक जण हसून ऐकतात. तरी लघवीत प्रथिनं सापडली तर पुन्हा तपासा, एका नमुन्यावर शिक्का मारू नका.

तिसरं, पत्ता. फक्त गावाचं नाव लिहून चालत नाही, वडगाव तालुक्यात दोन-तीन असतात; खुर्द की बुद्रुक, कोणता टोला, कोणाच्या घराशेजारी, गावात कोणत्या नावानं ओळखतात. फोन नंबर तीन घ्या: घरातला एक, शेजारचा एक, किराणा दुकानदाराचा किंवा आशाताईंचा एक. पेशंटचा स्वतःचा नंबर तीन महिन्यांत हमखास बंद होतो, रिचार्ज संपलेलं असतं.

चौथं, गुढीपाडवा. सालगड्यांचं वर्ष पाडव्याला बदलतं. जो माणूस पावसाळ्यात या पाटलाच्या शेतावर होता तो पाडव्यानंतर दुसऱ्या गावी दुसऱ्या मालकाकडे असतो. वर्षाच्या तपासणीची मुदत त्यानंतर येते. म्हणून फाल्गुनात एकदा सगळ्यांना फोन लावून विचारायचं, "औंदा कुठं ठरलं?" हा फोन केला नाही तर गडी सापडत नाही. उन्हाळ्यात काही मोहाफुलाला, तेंदूपत्त्याला जंगलात जातात, तेव्हा शोधण्यात अर्थ नाही, वाट पाहा.

आशाताईंच्या मानधनाचा रकाना बजेटमध्ये वेगळा ठेवा आणि पैसे वेळेवर द्या. त्यांच्यावर आधीच पन्नास कामं असतात. तुमचं काम त्या प्रेमानं करतील, पण फुकट करून घेणं बरं नाही.

एवढं करूनही काही जण सुटतात. सुटलेल्यांची यादी ठेवा: वय, चावल्यावर किती तासांनी आले, डायलिसिस लागलं होतं का. आलेल्यांपेक्षा ते वेगळे होते का, हे परीक्षक विचारतील आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. घरी जाऊन चौकशी केली तर कधी कळतं की माणूस गेला. तो "फॉलोअपला आला नाही" या रकान्यात जात नाही, तो मृत्यूच्या रकान्यात जातो. तारीख ग्रामपंचायतीच्या नोंदीतून घ्या आणि घरच्यांशी बोलायला पुरेसा वेळ काढून जा.

आकडेमोड आणि थिसिस

डेटा मोबाईलवर भरायला कोबो हे अ‍ॅप घ्या, रेंज नसलेल्या गावात चालतं. एक्सेलमध्ये थेट भरू नका, वयाच्या रकान्यात कुणीतरी "अंदाजे ४०" लिहून ठेवतं. संदर्भांसाठी झोटेरो पहिल्या दिवसापासून. आकडेतज्ज्ञाला डेटा गोळा झाल्यावर गाठणारे बरेच असतात. फॉर्म छापायच्या आधी गाठा, तेव्हा त्याचा उपयोग होतो.

कोर्सवर्क कमीत कमी बारा क्रेडिटचं आणि त्यात ५५ टक्के लागतात. चेन्नईच्या आयसीएमआर संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाईन कोर्स तुम्ही एमडीला केलेला असेल, त्याच्या नोट्स काढून ठेवा. दर सेमिस्टरला सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. खरीप हंगामात ड्यूटी सोडून जाणं अवघड, म्हणून तारीख आधीच मागून घ्या.

थिसिस लिहायला लागाल तेव्हा मागचं साहित्य जसंच्या तसं उचलू नका. साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांत सुधारून द्यायला सांगतात, ४० ते ६० मध्ये वर्षभर बाहेर, त्यावर गेलं तर नोंदणीच रद्द. जर्नलमध्ये लेख असण्याची सक्ती यूजीसीनं २०२२ मध्ये काढली, पण तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट असू शकते, ते विचारा. आठवड्यात छापून देतो, एवढे पैसे भरा, अशा ईमेलला उत्तर देऊ नका.

थिसिस गाईडशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक वाचतात. आमच्यासारख्यांना ते प्रश्न विचारतात ते बहुधा मशीनचे नसतात: हा पेशंट कोण, तो तुमच्याकडे कसा पोचला, न पोचलेल्यांचं काय. रजिस्टर ज्यानं स्वतः वाचलंय आणि बाजाराच्या दिवशी जो स्वतः बसलाय, त्याला ही उत्तरं पाठ करावी लागत नाहीत. व्हायव्हा खुला असतो. आपल्या वॉर्डातल्या सिस्टर आणि लॅब टेक्निशियनला घेऊन जा, त्यांचंही काम आहे ते.

पास झालात की थिसिसची सॉफ्ट कॉपी शोधगंगेवर (देशभरातल्या थिसिसच्या खुल्या ऑनलाईन संग्रहात) जाते. त्याआधी परिशिष्टं पुन्हा तपासा. संमतीच्या फॉर्मच्या नमुन्यात कुणा पेशंटचं नाव किंवा अंगठा राहून गेलेला नको. जिथून पेशंट आले त्या प्रत्येक दवाखान्याला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना दोन पानी मराठी सारांश पाठवा: कोणत्या पेशंटला तीन महिन्यांनी क्रिएटिनिनसाठी बोलवायचं, एवढं जरी त्यात असलं तरी पुरे. विद्यापीठाचं नोटिफिकेशन आलं की त्याची साक्षांकित प्रत जोडून सेवापुस्तकात नोंदीचा अर्ज द्या, आणि त्याचाही आवक क्रमांक घ्या.